टोकाचा दाब कोणाला कळतो?

प्रश्न : माझ्या वडिलांना एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी, अ‍ॅब्लेशन, म्हणजे नळीच्या टोकाने हृदयाच्या आतल्या भिंतीवर डाग देण्याचा उपचार, सुचवले आहे. काही ठिकाणी यासाठीचे कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, यंत्रमानवाकडून चालवले जाते, असे वाचनात आले. नळीवर डॉक्टरांचा हातच नसेल, तर तिचे टोक हृदयाला किती दाबत आहे, हे त्यांना कसे समजते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नळी हातात असली म्हणजे टोकाचा दाब हाताला कळतोच, अशी आपली समजूत दिसते; ती पुरती खरी नाही. जांघेतील शिरेतून निघालेली ही जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची नळी वळणे घेत हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात पोहोचते, तेव्हा बोटांना जाणवणाऱ्या विरोधात वाटेतल्या घर्षणाचाच वाटा मोठा असतो. यंत्रमानव आला, डॉक्टर क्ष-किरणांपासून दूर दुसऱ्या टेबलाशी बसले, आणि उरलीसुरली जाणीवही गेली.

त्यावर अमेरिकेतील हॅन्सन मेडिकल कंपनीने ‘सेन्सेई’ या यंत्रात मागच्या टोकाकडून मापण्याची युक्ती केली. यंत्र कॅथेटरला बाहेरच्या आवरणनळीत सतत किंचित पुढेमागे हलवते, त्यामुळे ते घर्षणाने अडकून राहत नाही, आणि पुढे सरकताना होणाऱ्या विरोधावरून टोकावरील दाबाचा अंदाज बांधते. युक्ती चतुर खरी, पण टोक आडवे टेकले असेल तर हा अंदाज कमी पडतो.

माझ्या मते खरा उपाय टोकातच मापक बसवण्याचा. ‘टॅक्टिकॅथ’ या कॅथेटरमध्ये टोकाजवळ तीन प्रकाशतंतू असतात, टोक दाबले गेले की तंतूंवर ताण येतो, परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते, आणि तिन्ही तंतूंतील फरकावरून दाब किती व कोणत्या दिशेने, हे दोन्ही निघते. ‘स्मार्टटच’ या दुसऱ्या कॅथेटरमध्ये हेच काम एक बारीक स्प्रिंग आणि चुंबकीय संवेदक करतात. दोन्हींना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. वाण्याने तराजूचा पासंग काढावा तसे या मापकालाही, टोक कोठेही न टेकता रक्तात मोकळे असताना, आधी शून्यावर आणावे लागते.

पडद्यावर दाब ग्रॅममध्ये दिसतो आणि त्याची रेघ प्रत्येक ठोक्याबरोबर, प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होते. साधारणतः १० ते ४० ग्रॅम, सराफाच्या भाषेत एक ते चार तोळे, इतका दाब ठेवतात. तो कमी पडला तर डाग वरवरचा होतो आणि विकार उलटतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोकाटा अभ्यासात सरासरी १० ग्रॅमपेक्षा कमी दाब पडलेल्या सर्व रुग्णांचा विकार उलटला, तर २० ग्रॅमपेक्षा अधिक दाब मिळालेल्यांपैकी ८० टक्के वर्षभर बरे राहिले. रुग्ण मात्र अवघे ३२ होते. दाब फार झाला, तर काही मिलिमीटरचीच ती भिंत भेदली जाऊन हृदयावरणात रक्त साठू शकते.

स्टिरिओटॅक्सिस कंपनीच्या पद्धतीत रुग्णाच्या दोन्ही बाजूंचे मोठे चुंबक लवचिक कॅथेटरचे टोक वळवतात. नळीच इतकी मऊ, की तिने भिंत भेदली जाण्याची शक्यता फार कमी. तेथे डॉक्टरांचे लक्ष टोक पुरेसे टेकले आहे ना, याकडेच अधिक असते.