पोर्सेलीन क्राऊनवरचा (दातावर बसवलेल्या टोपीवरचा) ब्रॅकेट (दात सरळ करणाऱ्या तारेसाठी चिकटवलेला तुकडा) सारखा सुटतोय, क्राऊन काढून तात्पुरता घालू का?

काढायचं नंतर बघू. आधी सांगा, क्राऊन आहे कशाचा? तुम्ही नुसतं 'सिरॅमिक' लिहिलंय. ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिडने एच केलं (पृष्ठभाग खरबरीत करायला), बाँड म्हणजे चिकटवणारं द्रव लावलं, दोनदा सुटला, आणि आता फोंड्यातले सीनियर डायमंड बरने (ड्रिलच्या हिरकणी टोकाने) खरवडायला सांगताहेत.

फॉस्फोरिक पोर्सेलीनला ढिम्म काही करत नाही. पृष्ठभाग पुसून निघतो, एवढंच. आणि बर फिरवण्याच्या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

दुसरीकडून माझ्याकडे आलेली एक केस. वरचा मधला दात, धातूवर पोर्सेलीन चढवलेला क्राऊन, ओठाकडची अख्खी बाजू बरने खरवडलेली. ब्रॅकेट टिकला, ते नाकारत नाही. काढताना मात्र कडेकडचा पोर्सेलीनचा पापुद्रा ब्रॅकेटसकट निघाला आणि खालचा ओपेक, म्हणजे धातू झाकणारा पांढरट थर, दिसायला लागला. खरवडणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, क्राऊनच जुना होता. लूपखाली पाहिलं तर तडा थेट बरच्या चरीतून गेलेला. ग्लेझ गेलं, चरी पडल्या, की प्रत्येक चर म्हणजे तड्याची सुरुवात. ब्रॅकेट टिकायला साधारण ६ ते ८ मेगापास्कल पुरतात. १३च्या वर गेलात तर काढताना पोर्सेलीनच तुटायची भीती. मग एवढी पकड हवी कशाला? हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आता तुमचा क्राऊन. आतल्या बाजूला धातूची कड दिसते का बघा आणि एक आयओपीए (दाताचा छोटा एक्स-रे) काढा. झिर्कोनिया आणि धातू पांढरेफटक दिसतात, ई.मॅक्स (लिथियम डायसिलिकेटचं काचेसारखं सिरॅमिक) तेवढा नाही. गंमत अशी की झिर्कोनियावर पोर्सेलीनचा थर असेल तर एक्स-रे झिर्कोनिया दाखवतो, पण तुम्ही चिकटवणार असता पोर्सेलीनवर. लॅबचं कार्ड मिळालं तर उत्तम.

पोर्सेलीन असेल तर ५० मायक्रॉन अॅल्युमिनाची भुकटी मायक्रोएचरने (बारीक फवारा मारणाऱ्या यंत्राने) दोन-तीन सेकंद, फक्त ब्रॅकेटच्या बुडाएवढ्या जागेवर. चमक गेली की थांबा. हिरडीवर लिक्विड डॅम (उजेडाने घट्ट होणारं संरक्षक रेझिन), शेजारच्या दातांवर टेफ्लॉन टेप. मग ९.६ टक्के हायड्रोफ्लोरिक जेल, साधारण दोन मिनिटं. ई.मॅक्सला ५ टक्के आणि २० सेकंद बस, जास्त ठेवलं तर काच पोखरली जाते. जेल आधी सक्शनने ओढून घ्या, पाणी त्यानंतर. उलट केलंत तर अॅसिड तोंडभर. वाळवल्यावर जागा दुधी, मळकट दिसली पाहिजे. वर पांढरी भुकटी राहिली तर ती क्षारांची. फॉस्फोरिकने मिनिटभर घासून धुवा. त्या बाटलीचं इथलं काम झाडूचं.

त्यावर सायलेन (पोर्सेलीन आणि रेझिन जोडणारं द्रव), एक मिनिट, मग हवा. युनिव्हर्सल बाँडच्या बाटलीवर 'सायलेन आहे' लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. आम्लात ते फार काळ टिकत नाही. वेगळी बाटली घ्या. ती फ्रिजमध्ये ठेवा, पण उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत आत दव धरतं. एकाच बाटलीत तयार मिळणारं सायलेन गढूळ झालं की फेकून द्या. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरची टाकीही रोज सकाळी रिकामी करा. सिरिंजची हवा आरशावर मारून बघा. थेंब दिसले तर तेच थेंब तुम्ही सायलेनवर मारताय.

निव्वळ झिर्कोनियावर हायड्रोफ्लोरिक वाया, विरघळायला त्यात काचच नाही. तिथे ब्लास्टिंग (तोच अॅल्युमिनाचा फवारा) आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरणारा फॉस्फेट घटक) असलेला प्रायमर. आणि तिथे फॉस्फोरिक चुकूनही नको: फॉस्फेट चिकटून बसतं आणि एमडीपीला जागाच उरत नाही.

क्युअरिंगला (उजेडाने घट्ट करायला) घाई नको. धातूवरच्या क्राऊनमधून मागून उजेड येत नाही, म्हणून ब्रॅकेटच्या चारही कडांनी द्या.

आणि चावा बघितलात का? सुटला की पेशंट कुरल्यांच्या (खेकड्यांच्या) नांग्या फोडल्याचं कबूल करतो आणि आपण मोकळे. आर्टिक्युलेटिंग पेपर लावा. खोल चाव्यात खालचा दात ब्रॅकेटच्या पंखावर आदळत असेल तर जगातलं कुठलंही प्रायमर कामाचं नाही. आधी मागे बाइट टर्बो (चावा उघडणारे छोटे उंचवटे) द्या.

तात्पुरत्या क्राऊनचं म्हणाल तर कड गळत असेल, तडा असेल किंवा ट्रीटमेंटनंतर तो बदलायचाच असेल, तर आत्ताच काढा. चांगल्या क्राऊनला ब्रॅकेटपायी हात लावू नका. पण फुटण्याची शक्यता राहतेच, तेव्हा खर्च कोणाचा हे सुरुवातीलाच लिहून सही घ्या. सिरॅमिक ब्रॅकेट त्यावर नको. धातूचाच लावा, काढताना पंख दाबून काढा, पिळू नका. नंतर पोर्सेलीनचे पॉलिशिंग रबर आणि डायमंड पेस्ट.

एक राहिलं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या अॅसिडच्या भाजण्यावरचा उतारा) हाताशी नसेल तर हायड्रोफ्लोरिक उघडूच नका. त्याची भाजणूक कधीकधी काही तासांनी दुखायला लागते. तोवर पोर्सेलीन आणि ई.मॅक्ससाठी मोनोबाँड एच अँड प्राइम वापरा: २० सेकंद घासा, ४० सेकंद तसंच ठेवा, धुवा, वाळवा. वेगळं सायलेन लागत नाही. झिर्कोनियावर ते चालत नाही.