बातम्यांचा आपल्या वागण्यावर खरोखर परिणाम होतो का, की लोक उगाच माध्यमांना दोष देतात?

आपण प्रश्नाखाली लिहिले आहे की रोजच्या बातम्यांनी आपले मन अस्वस्थ होते, घरचे मात्र म्हणतात की माणूस स्वतःच्या बुद्धीने वागतो, वाहिन्या कोणाचे काही बिघडवत नाहीत, आणि म्हणून बातम्या पाहणे बंद करावे की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही. आपल्या घरच्यांचे हे वाक्य मी २०२० पासून एका माणसाच्या तोंडून ऐकत आलो आहे. ते माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांच्यापुढे मोठ्याने बोलण्याची पद्धत नाही, त्यामुळे हा वाद मी कधी पूर्ण केला नाही. इथे करतो.

परिणाम होतो. माझ्यापुरता तो सुमारे सहा लाख रुपयांचा झाला.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात माझी पाच हजार ब्रॉयलर पक्ष्यांची शेड आहे. आता मी करारावर पक्षी वाढवतो, पण २०२० साली पिल्ले, खाद्य, औषधे, तूस, सगळे माझ्या स्वतःच्या पैशाचे आणि काही सोसायटीच्या कर्जाचे होते. आमच्या भागातील घराघरांतील माणसे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात, देशभर पसरलेली आहेत. त्यामुळे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतचे भाऊबंद आहेत आणि तिकडे सकाळी उठलेली आवई दुपारच्या जेवणापर्यंत आमच्या तालुक्याच्या गावी, विट्याच्या चौकात ऐकू येते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात या गटात दाजींनी एक संदेश टाकला. पोट फाडलेल्या कोंबडीचा फोटो, त्याखाली ब्रॉयलर कोंबड्यांत कोरोना सापडला असल्याचा हिंदी मजकूर, आणि सर्वांत खाली दाजींनी स्वतः घातलेले दोन शब्द : ‘सर्वांनी वाचावे.’ संदेशाच्या माथ्यावर दोन बाणांची खूण होती. तो अनेकांच्या हातून फिरत आला आहे एवढाच त्या खुणेचा अर्थ, पण दाजींना तो ठाऊक नव्हता. त्यांना ती खूण महत्त्वाच्या संदेशाची वाटली असे त्यांनी नंतर बहिणीला सांगितले. फोटो मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, मेलेल्या पक्ष्याचा होता. जठराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात, ते ज्याने एकदा शेडमध्ये मर पाहिली आहे त्याला झोपेतही ओळखू येतील. हा रोग आमच्या धंद्याइतकाच जुना आहे, त्याची लस आम्ही पिल्लांना पहिल्याच आठवड्यात देतो आणि कोरोनाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मी फोन केला. म्हटले, “दाजी, तो फोटो मानमोडीचा आहे. माझे पक्षी शुक्रवारी उचलायचे आहेत, तेवढा मेसेज काढून टाका.”

ते म्हणाले, “अरे, मी तुझ्याविषयी कुठे काय लिहिलंय? काळजीपोटी पाठवलं. खबरदारी घेण्यात काय चूक आहे?”

“लोक चिकन खायचे बंद होतील.”

“लोक काय मला विचारून चिकन खातात? टीव्हीवर दिवसभर तेच चाललंय. माझ्या एका मेसेजने काय होणार?”

त्या वेळी पाठवलेला संदेश सर्वांच्या मोबाइलवरून काढून टाकायला जेमतेम तासाभराची मुदत मिळत असे आणि ती उलटून गेली होती. तो संदेश गटात तसाच राहिला.

शुक्रवारी गाडी आली नाही. व्यापाऱ्याने आधी दोन दिवस मागितले, मग चार, मग फोन उचलणे बंद केले. जिवंत पक्ष्याचा उत्पादनखर्च त्या वेळी किलोला सत्तर रुपयांच्या आसपास पडत होता आणि जागेवरचा दर पन्नास, पस्तीस, वीस असा उतरत अखेर बारावर आला. ज्यांनी हा धंदा केलेला नाही त्यांना वाटते की माल विकला नाही तर ठेवून द्यावा. बेचाळीस दिवसांचा पक्षी ठेवून देता येत नाही, तो खात राहतो. पावणेपाच हजार पक्ष्यांना रोज पन्नास किलोची अठरा पोती खाद्य लागत होते, म्हणजे दिवसाला अठ्ठावीस हजार रुपये, आणि एवढा खर्च करून ते अडीच-तीन किलोंचे होत होते, जे हॉटेलवाल्यांना नकोच असतात. मार्चचे ऊन वाढले तशी ती जड पाखरे चोची उघड्या टाकून धापा टाकू लागली. भर दुपारी शेडमध्ये उभे राहिले की हजारो चोचींतून एकच घरघर ऐकू येई. पत्र्यावर पाणी मारून मी आणि बायको बाहेर येईपर्यंत दहा-बारा पक्षी उलटे पडलेले असत.

शेवटी टेम्पो भरून आठवडी बाजारात गेलो आणि शंभर रुपयांना तीन अशी ओरड केली. एक म्हातारी थांबली, पक्षी हातात घेऊन छातीचे मांस चाचपले, आणि परत ठेवला. मी म्हटले, “मावशी, दोन फुकट न्या.” ती म्हणाली, “फुकट दिलीस तरी नको बाबा. आमच्या गुरुजींनी पाठवलंय, नातवानं वाचून दाखवलं.” तिच्या गावात दाजींनी अकरा वर्षे शिकवले होते. त्या बाईने वाहिन्या पाहिल्या नव्हत्या, तिला वाचताही येत नव्हते, आणि तरीही ती बातमीच्या परिणामाखाली होती. गुरुजींनी ज्याला त्याला पाठवलेला मजकूर तिच्यासाठी गुरुजींचाच शब्द होता. मी हे दाजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तिचा माझ्यावर विश्वास आहे, यात माझा काय दोष?” आमच्या वादाचा खिळा तिथे अडकला आहे, तो आजतागायत निघालेला नाही.

म्हणून आपल्या घरच्यांना माझे सांगणे असे की प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो आहे. माध्यम म्हणजे केवळ वाहिनी आणि वर्तमानपत्र असे धरून बसले की ‘आम्ही त्यांच्या नादी लागत नाही’ म्हणणे सोपे जाते. परक्या निवेदकाचे बोलणे आपण निम्मे सोडून देतो, पण तेच आत्याच्या, शाळेतल्या बाईंच्या, डॉक्टर भाच्याच्या नावाने आले की त्याची शंका घेणे हा त्या माणसाचा अपमान ठरतो. बातमीला वजन तिथे मिळते.

वाहिन्यांना मी मोकळे सोडत नाही. त्याच आठवड्यात एका वाहिनीची माणसे शेडवर आली होती. मी वीस मिनिटे बोललो, मानमोडी समजावून सांगितली, लसीकरणाची वही दाखवली. त्यांनी मला तोंडाला फडके बांधून पक्ष्यांमधून चालायला सांगितले आणि मीही मूर्खासारखा चाललो. रात्री माझे बोलणे एका वाक्यापुरते आले, मी फडके बांधून चालतो आहे हे दृश्य तीनदा आले, मध्ये पांढरे पोशाख घातलेली माणसे कोंबड्या पोत्यात भरत असल्याचे कुठले तरी जुने चित्रण जोडले होते, आणि वर पट्टी होती : ‘चिकन खाणे धोक्याचे?’ सगळा खेळ त्या प्रश्नचिन्हात आहे. त्याने कोणी खोटे बोलत नाही आणि कोणावर दावाही लागत नाही, पण घरात बसलेली गृहिणी प्रश्नचिन्ह वाचत नाही, ‘चिकन’ आणि ‘धोक्याचे’ हे दोनच शब्द वाचते.

खुलासे झाले नाहीत असेही नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने कोंबडीचा आणि कोरोनाचा संबंध नसल्याचे स्पष्ट केले होते, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तेलंगणाच्या मंत्र्यांनी हैदराबादेत व्यासपीठावर उभे राहून सर्वांसमक्ष चिकन खाल्ले. त्या मंत्र्यांचा फोटो मी स्वतः गटात टाकला. तीन जणांनी अंगठा दाखवला. दाजींना म्हटले, आता हाही तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटात पाठवा, तर म्हणाले, “ते सरकारी असतं रे, ते सांगणारच.” भीती ज्या वाटेने जाते त्या वाटेने खुलासा जात नाही, कारण भीती पाठवणाऱ्याला दुसऱ्याची काळजी घेतल्याचे समाधान मिळते आणि खुलासा पाठवणाऱ्याला आधीची चूक कबूल करावी लागते. मार्चमध्येच बेळगाव जिल्ह्यातील गोकाक भागात एका पोल्ट्रीवाल्याने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. ते चित्रण मात्र एका दिवसात सगळीकडे पोहोचले आणि ते पाहून आमच्याकडे आणखी काही लोकांनी चिकन सोडले, कारण पुरले म्हणजे रोग असणारच.

माझे पैसे गेले, आणि मेअखेरीस शेड रिकाम्या पडल्यामुळे दर पुन्हा चढले तेव्हा नवीन पिल्ले घ्यायला माझ्याजवळ काही नव्हते, एवढेच. ज्यांना हा विषय कोंबड्यांपुरता वाटतो त्यांनी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून तिथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. अशा घटना देशभर घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले, आणि बऱ्याच वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये घातली. तोवर माझी शेड धुऊन झाली होती. राईनपाड्याच्या बाजारात जमलेल्यांपैकी प्रत्येकाला विचारले असते तर प्रत्येकाने सांगितले असते की माझ्या एका मेसेजने काय होणार.

आता आपला खरा प्रश्न, बातम्या पाहणे बंद करावे का. माझे मत विचाराल तर करू नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा तो खरा होता, लाखो पक्षी नष्ट करावे लागले, आणि ती बातमी वाचूनच माझ्या वडिलांनी शेडच्या दाराशी चुना आणि पाय बुडवायचे औषधी पाणी ठेवण्याची शिस्त लावली, जी मी आजही पाळतो. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हाही बातमीमुळेच आम्ही बाहेरच्या गाड्या आत घेणे थांबवले. माहिती नको म्हणणारा पोल्ट्रीवाला टिकत नाही. आपल्याला बातम्यांनी अस्वस्थ वाटत असेल तर दिवसभर वाहिनी चालू ठेवण्यापेक्षा सकाळी एकदा वर्तमानपत्र वाचावे आणि ते खाली ठेवावे. झोप उडण्यापर्यंत त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारावे, माझ्यासारख्या कोंबडीवाल्याला विचारू नये. पण पाहणे आणि पुढे पाठवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या संदेशाबद्दल कोणी आपल्याला ‘हे तुम्हाला कुठून कळले’ असे विचारले असता उत्तर देता येणार नाही, तो आपल्या नावाने कोणाकडे जाऊ देऊ नये. विशेषतः निवृत्त मुख्याध्यापकांनी.

हे लिहून झाल्यावर बायकोने वाचले आणि मे २०२० विषयी का लिहिले नाही असे विचारले, म्हणून तेही लिहितो. मुंबईहून एक कुटुंब रात्री गावात उतरल्याचे मी गावच्या गटात टाकले होते, ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असे खाली लिहून. माहिती खरी होती, त्यांच्याजवळ रीतसर पासही होता. सकाळी त्यांच्या दारी दूध घालायला कोणी गेले नाही. लहान मूल होते त्या घरात. चौदा दिवसांनी ते बाहेर पडले, कोणालाही काही झालेले नव्हते. त्या कुटुंबातील थोरला मुलगा आजही माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याला काळजीपोटीच लिहिल्याचे सांगितले आहे. दाजींना यातले काही माहीत नाही.

आणि दाजी सुधारले नाहीत असेही मी म्हणू शकत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गियान-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले, कच्च्या राहिलेल्या चिकनमधून जाऊ शकणाऱ्या एका जिवाणूचे नाव बातम्यांत आले, आणि दाजींनी गटात पुन्हा एक संदेश टाकला, या वेळी शेवटी ‘खरे आहे का?’ असे जोडून. मी लिहिले की चिकन नीट शिजवले की तो जिवाणू मरतो, पाण्याचीही चौकशी चालू आहे, मजकुरात चिकन बंद करा असे लिहिले आहे ते चूक आहे. आता संदेश काढून टाकायची मुदत दोन दिवसांची झाली आहे. दाजींनी तो पाच मिनिटांत काढून टाकला. त्या जागी संदेश हटवल्याची ओळ उमटली, तिच्याखाली सुरतचा चुलतभाऊ, कोईमतूरची वहिनी आणि आमचीच धाकटी बहीण यांनी ‘काय होते, गुरुजी?’ असे विचारले, आणि दाजींनी तिघांनाही तो स्वतंत्रपणे पाठवला.