उडती बोट की उडतं बोट?

प्रश्न असा आलाय की फ्लाइंग बोटला मराठीत काय म्हणायचं, सीप्लेन म्हटलं तर चालेल का.

चालेल, पण अर्धवट. २०२० मध्ये अहमदाबादहून केवडियाला जे सीप्लेन सुरू झालं ते म्हणजे साधं ट्विन ऑटर विमान, खाली दोन लांबुडके फ्लोट लावलेलं, थोडक्यात विमानाच्या पायात होड्या घातलेल्या. फ्लाइंग बोटचं तसं नाही, तिथे विमानाचं पोट हेच बोटीचं बूड, ते थेट पाण्यात बसतं. 'जलविमान'मध्ये दोन्ही येतात, शिवाय तो शब्द बोलताना कोणाच्या तोंडी यायचा नाही.

म्हणून माझं मत 'उडती बोट'ला. स्टीमरची आगबोट करून आपल्या लोकांनी वाट दाखवलेलीच आहे. फक्त लिंग सांभाळा, उडत्या बोटीने प्रवास करायचा, 'उडत्या बोटाने' लिहिलंत की ते हाताचं झालं (मी घाईत टाइप केलंय एकदा, त्यामुळे हसत नाही).

आणि बोट म्हणण्यात अतिशयोक्ती काही नाही. पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीने आपल्या विमानांना क्लिपर हे नावच जुन्या वेगवान शिडाच्या जहाजांवरून दिलं, १९३९ च्या बोइंग ३१४ मध्ये दिवसा ७४ माणसं बसायची आणि रात्री बर्थ पाडले की जेमतेम त्याच्या निम्मी, जेवायला वेगळी खोली, टेबलावर पांढरं कापड, वाढायला स्टुअर्ड. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या उडत्या बोटींत तर डेकसारखी खिडकीशी उभं राहायची जागा होती, कोपर टेकायला कठडा, खाली नाईल बघत बसा. हीच सर्व्हिस कराचीहून पुढे राजसमंदच्या तलावावर उतरायची, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. विमानतळ म्हणजे अक्षरशः विमानाचं तळं! मुंबई मात्र त्या वाटेवर नव्हती, नाहीतर आपल्याकडे याला एखादा खमंग शब्द कधीच पडला असता.

जाता जाता, कोणीतरी खाली विचारलंय की यात मळमळलं तर 'बोट लागली' म्हणायचं की 'विमान लागलं'. ती विमानं ढगांच्या वर फारशी जायची नाहीत, त्यामुळे हवेत गचके भरपूर, म्हणजे लागायचं नक्कीच. मी तरी 'बोट लागली'च म्हणेन.