बंगल्यासमोरच्या लॉनमध्ये पाऊस थांबला तरी पाणी साचून राहतं, माती दगडासारखी झालीय. काय करावं?

ओल्या मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. 2 इंचांवरच अडला, तर माती दबलेली आहे. वळवाचा पाऊस होऊन वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही) की 3-4 इंच खोल भोकं पाडा, एकमेकांपासून 4-6 इंचांवर. पोकळ नळ्यांचं एरेटर (लॉनला भोकं पाडायचं अवजार) मिळालं तर उत्तम, ते भोकांतली मातीच बाहेर काढतं. खिळ्यांच्या चपलांच्या नादी लागू नका, त्यांनी भोकांच्या कडा उलट दाबल्या जातात. मग चाळलेलं शेणखत नि जाडसर वाळू झाडूने भोकांत लोटा. हरळी त्या दिवसांत जोमात असते, लवकर भरून येते. थंडीत हा उद्योग नको. काळ्या मातीच्या चिखलात तर अजिबात नको. आणि पाणी शेजारच्या उतारावरून येत असेल, तर आधी चर खणा.