युद्धात सैनिक गोळीनं जास्त मेले की रोगराईनं?

तुम्ही विचारलंय की जुन्या लढायांत शत्रूपेक्षा रोगानंच जास्त सैनिक मेले, हे खरं का. खरं आहे. क्रिमियाच्या युद्धात (1853-56) ब्रिटिशांची सुमारे 21 हजार माणसं गेली, त्यातली 16 हजार हगवण, पटकी, ताप असल्या दुखण्यांनी. बोअर युद्धातही तीच गत. तिथं विषमज्वरानं धुमाकूळ घातला.

मी जालना जिल्ह्यात आरोग्य सेवक होतो. असईची 1803 ची लढाई आमच्याच भागातली, तिच्या गोष्टी इथं पोरासोरांना पाठ. पण 1817 साली पेंढारी आणि मराठ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत, तिकडं बुंदेलखंडात पटकी शिरली, ते कुणी सांगत नाही. लढाई राहिली बाजूला, थोड्याच दिवसांत हजारो माणसं गेली. त्यात शिपायांपेक्षा बाजारबुणगे जास्त. शेवटी छावणी उचलून बेतवाकाठी न्यावी लागली.

छावणी म्हणजे जत्राच समजा. मोकळ्या माळावर एकाएकी हजारो माणसं नि जनावरं येऊन पडतात. पाण्याला एक ओढा, आणि परसाकडेलाही त्याचाच काठ.

असलं पाणी शुद्ध करायला किती पावडर लागेल ते काढायला आम्हाला ट्रेनिंगमध्ये हॉरॉक्सची पेटी शिकवायचे. सहा पांढरे कप, एक काळा. काळ्यात सपाट चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर) कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचं. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. मग काळ्यातलं पाणी पहिल्या पांढऱ्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब; पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर ते निळं होतं. स्पष्ट निळा रंग पहिल्यांदा तिसऱ्या कपात आला, तर 455 लिटरला तीन चमचे पावडर. हा 455 चा आडमुठा आकडा कुठून आला, ते मला फार उशिरा उमगलं: 100 ब्रिटिश गॅलन! पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करातल्या हॉरॉक्स नावाच्या डॉक्टरनं सैनिकांच्या पाण्यासाठी काढलेली ही पद्धत. चहालाही क्लोरीनचा वास मारतो म्हणून सैनिक तेव्हा कुरकुरायचे. आमच्याकडे जत्रेच्या आधी विहिरीत पावडर टाकली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हातारं अडवायचंच, "सायेब, पानी नासवलं की हो तुमी."

त्या युद्धात बहुतेक ब्रिटिश सैनिकांना विषमज्वराची लसही टोचलेली होती, त्यामुळे तो रोग बराच आटोक्यात राहिला. पण 1918 च्या इन्फ्लुएन्झापुढं ना पावडर चालली ना ती लस. तो श्वासावाटे पसरणारा. आपल्याकडे तो लष्कराच्या बोटींवरून मुंबई बंदरात उतरला असं मानतात, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यानं नेली. माझी आजी त्याला मानमोडी म्हणायची. कुणाचं वय विचारलं की "मानमोडीच्या आदल्या साली झालेला" असंच सांगायची. लढाई कुठं झाली, कुणाकुणात झाली, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.