सगळ्यांची निष्ठा मिळवली, तरी मॉर्डिन का मेला?

वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेम

या वेळी बरेचसे प्रश्न ‘मास इफेक्ट २’वर आले आहेत. बायोवेअर कंपनीचा हा गेम २०१० सालचा : कमांडर शेपर्ड होऊन साथीदार जमवायचे आणि शेवटी त्यांना जीवघेण्या मोहिमेवर न्यायचं. २०२१ मध्ये ‘लेजंडरी एडिशन’मधून तिन्ही भाग एकत्र आले आणि तो नव्याने खेळला जाऊ लागला. गेम अजून संपवला नसेल तर पुढचं वाचू नका, शेवट उघड होईल.

प्रश्न : दहाही साथीदारांची लॉयल्टी मिशन्स (निष्ठा मिळवून देणाऱ्या मोहिमा) केली (झाईद आणि कासुमी या जादा साथीदारांना घेतलं नव्हतं). जहाजाची तिन्ही मोठी अपग्रेड्स केली. शेवटच्या मिशनमध्ये झडपांच्या बोगद्यात टालीला पाठवलं, बायोटिक (शरीरातल्या विशेष शक्तीच्या) कवचाला समारा, दोन्ही वेळा तुकडीचं नेतृत्व मिरांडाकडे. सुटका केलेल्या कर्मचाऱ्यांबरोबर जेकबला परत पाठवलं आणि शेवटच्या लढाईला गॅरस आणि ग्रंटला घेऊन गेलो. तरी मॉर्डिन मेला. चुकलं कुठे? (सातारा)

उत्तर : तुमच्या सगळ्या नेमणुका बरोबर होत्या. घात झाला तो शेवटच्या क्षणी, गॅरस आणि ग्रंटला सोबत नेल्यामुळे.

तुम्ही आत शेवटची लढाई लढता तेव्हा बाकीचे साथीदार मागे दार धरून उभे असतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाला गेमने बचावाचे गुण दिलेले आहेत, पण ते पडद्यावर कधीच दाखवले जात नाहीत. गॅरस, ग्रंट आणि झाईद यांना प्रत्येकी ४. मिरांडा, जेकब, थेन, समारा आणि लीजन यांना २. टाली, जॅक, कासुमी आणि मॉर्डिन यांना १. ज्याची निष्ठा मिळालेली नाही त्याचा एक गुण कमी होतो. मागे पाच किंवा जास्त जण असतील तर त्यांच्या गुणांची सरासरी २ किंवा वर हवी. दीड ते दोनच्या मध्ये असेल तर एक जण मरतो, त्याखाली दोन, आणि अर्ध्याच्याही खाली गेली तर तीन.

तुमच्या मागे सात जण उरले : मिरांडा, थेन, समारा आणि लीजनचे मिळून ८, मॉर्डिन, टाली आणि जॅकचे ३. एकूण ११ भागिले ७, म्हणजे साधारण १.५७. एक जण जाणार हे तिथेच ठरलं. कोण जाणार याचाही क्रम ठरलेला आहे आणि त्यात मॉर्डिन पहिला, त्याच्यामागे टाली.

उपाय सोपा आहे. कर्मचाऱ्यांबरोबर मॉर्डिनला परत पाठवा, म्हणजे तो दारावर नसेलच. शेवटच्या लढाईला टाली आणि ग्रंटला न्या. मागे गॅरसचे ४, मिरांडा, जेकब, थेन, समारा आणि लीजनचे १०, जॅकचा १ : एकूण १५, सरासरी २.१४. कोणी मरत नाही. दोन दणकट गडी सोबत असले की आपलं रक्षण होईल असं वाटतं, पण त्यांची खरी गरज मागे असते. शेपर्डला आत टाली आणि जॅकसुद्धा पुरतात.

या गेमची सर्वात सुंदर गोष्ट आणि सर्वात मोठा दोष इथे एकाच जागी सापडतात. गुण हवेतून आलेले नाहीत, स्वभावातून आलेले आहेत : ग्रंट लढण्यासाठीच घडवलेला क्रोगन (परग्रहावरची लढाऊ जात), मॉर्डिन प्रयोगशाळेतला माणूस. नेमणुकांतही तसंच. बोगद्यासाठी जेकब स्वतःहून पुढे होतो आणि मिरांडा त्याला हटकते. तिचं ऐकलं तर तो वाचतो. पण पहिल्या तुकडीचं नेतृत्व मिरांडा मागते तेव्हा जॅक तिच्यावर तुटून पडते, आणि तिथे मिरांडाच योग्य असते. म्हणजे माणसं ओळखूनच निवड करायची आहे, आणि अशी कसोटी फार थोडे गेम घेतात. दार धरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तेवढाही इशारा नाही. तुम्ही कोणाला मागे ठेवताय याबद्दल एक वाक्य जरी कोणाच्या तोंडी घातलं असतं, तरी हा मृत्यू अन्यायाचा वाटला नसता.

प्रश्न : शत्रूने जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचं अपहरण केल्यावर राहिलेली मिशन्स उरकली आणि मग गेलो. निम्मे कर्मचारी मेलेले. इतर गेममध्ये तर जग आपल्यासाठी थांबतं! (मिरज)

उत्तर : इथे थांबत नाही. अपहरणानंतर ताबडतोब ओमेगा-४ रिले (शत्रूच्या तळाकडे नेणारं द्वार) ओलांडला तर सगळे वाचतात. एक ते तीन मिशन्स केली तर निम्मे जातात. त्याहून जास्त केली तर फक्त डॉक्टर चॅकवास उरतात.

म्हणून क्रम असा ठेवा. रीपर आयएफएफ (तो रिले ओलांडायला लागणारं ओळख-यंत्र) आणायचं मिशन शक्य तितकं लांबवा आणि त्याआधी बाकी सगळ्यांची लॉयल्टी मिशन्स संपवा. आयएफएफसोबत लीजन हा यंत्रमानव मिळतो. त्याला लगेच सुरू करा, पुढचं मिशन त्याच्याच लॉयल्टीचं करा, आणि अपहरण झालं की थेट निघा. राहिलेली किरकोळ कामं गेम संपल्यावरही करता येतात.

प्रश्न : ग्रह स्कॅन करून जीव मेटाकुटीला आला. किती खनिज पुरे? (पुणे)

उत्तर : हा भाग कंटाळवाणा आहेच. तीनच खर्च अटळ आहेत : जेकब सुचवतो ते जहाजाचं चिलखत आणि टालीचं शील्ड, प्रत्येकी १५,००० पॅलेडियम; गॅरसची थॅनिक्स तोफ, १५,००० प्लॅटिनम. या तिघांशी बोलल्याशिवाय ही अपग्रेड्स प्रयोगशाळेच्या टर्मिनलवर येत नाहीत, आणि पुष्कळांची चूक तिथेच होते. चिलखत नसेल तर जॅक मरते, शील्ड आणि तोफ नसेल तर प्रत्येकी आणखी एक जण. ‘रिच’ शेरा असलेले ग्रहच खोदा, आलेखात उंच टोक दिसेल तिथेच प्रोब सोडा आणि शेरा ‘मॉडरेट’वर उतरला की निघा. मिरांडाकडचं स्कॅनरचं अपग्रेड सर्वात आधी घ्या, वेग बराच वाढतो. सगळी खनिजं संपवायची गरज नाही.

प्रश्न : जॅक आणि मिरांडाच्या भांडणात निळा आणि लाल दोन्ही पर्याय बंद दिसतात. कधी पॅरागॉन (सौम्य, निळा), कधी रेनेगेड (कठोर, लाल) असं प्रसंग पाहून खेळलो, हीच चूक का? (पणजी)

उत्तर : खेळाडू म्हणून चूक नाही, पण गेम त्याची शिक्षा देतो. मूळ गेममध्ये एकूण गुण किती यापेक्षा, तोवर मिळू शकत होते त्यातले किती मिळवले, हे पाहिलं जातं. दोन्हीकडे वाटणी झाली की दोन्हीकडचे पर्याय बंद पडतात. विचार करून प्रसंगागणिक निर्णय घेणाऱ्यालाच त्रास होतो, आणि भूमिका वठवण्याच्या गेममध्ये हे खटकतं.

आता काय करता येईल? तुम्ही निवडलेल्या पात्राच्या वर्गाचं (क्लासचं) जे कायमस्वरूपी कौशल्य असतं, त्यात गुण घाला. त्याने पॅरागॉन आणि रेनेगेड दोन्ही वाढतात. भांडण दोघींची लॉयल्टी मिशन्स झाल्यावर पेटतं, तेव्हा त्यातलं एक शेवटाकडे ठेवा. बाजू घ्यावीच लागली तर दुखावलेलीशी पुढे तिच्या खोलीत जाऊन बोला. तोवर गुण पुरेसे झाले असतील तर निष्ठा परत मिळते. टाली आणि लीजनच्या वादालाही हेच लागू.

प्रश्न : इन्सॅनिटी (सर्वात कठीण) पातळीवर ॲडेप्ट (बायोटिक शक्तींवर भर असलेला वर्ग) निरुपयोगी आहे का? पुल (शत्रूला ओढून उचलणारी शक्ती) टाकला तरी शत्रू हलत नाही. (नागपूर)

उत्तर : निरुपयोगी नाही, पण पहिली दहा मिशन्स नकोशी होतात. या पातळीवर जवळपास प्रत्येक शत्रूला शील्ड, बॅरियर किंवा आर्मर असतं, आणि ते उतरेपर्यंत पुल आणि थ्रो चालत नाहीत. शील्ड असेल तर मिरांडा किंवा गॅरसला ओव्हरलोड टाकायला लावा आणि स्वतः एसएमजी (छोटी मशीनगन) चालवा. बॅरियर किंवा आर्मर असेल तर वॉर्प ही शक्ती वापरा. संरक्षण गेलं की एकाने पुल टाकून उचलायचं आणि दुसऱ्याने वॉर्प मारायचा. स्फोटात आजूबाजूचेही पडतात. तुमच्या सगळ्या शक्तींचा कूलडाउन (पुन्हा वापरण्याआधी थांबायचा वेळ) एकच आहे, साथीदारांचा वेगळा. म्हणून एक वार तुमचा, दुसरा त्यांचा, असं खेळा.

प्रश्न : पहिला भाग वगळून थेट दुसरा सुरू केला तर? (ठाणे)

उत्तर : चालेल, पण ‘जेनेसिस’ या कॉमिकमधून आधीचे निर्णय निवडले नाहीत तर रेक्स (पहिल्या भागातला क्रोगन साथीदार) मेलेलाच धरला जातो. पहिल्या भागात मॅको गाडी उसळते, आणि १५० वस्तूंनंतर सामान ऑम्नी-जेलमध्ये वितळवत बसावं लागतं, हे खरं. तरी व्हर्मायर ग्रहावर रेक्सला स्वतः समजावून वाचवा आणि मग दुसऱ्या भागात त्याला तुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर भेटा.