मुलगा तेरा वर्षांचा झाला की

ताई, मुलगा सकाळी उठत नाही म्हणून त्याला आळशी म्हणू नका. या वयात शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रात्री उशिरा तयार होतं, आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना झोप हवी असते 8 ते 10 तास. सकाळची शाळा, संध्याकाळी क्लास, मग अंथरुणात मोबाइल. झोप पुरणार कशी? रात्री मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा. तुमचाही. तुमचा उशाशी असला तर तो ऐकणार नाही.

समोर बसवून विचारलं की पोरं ‘काही नाही’ म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा क्लासला गाडीवर स्वतः सोडा. आपल्या नागपुरात सक्करदऱ्याहून धरमपेठेत पोचेपर्यंत मागे बसून आपणहून बोलतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही ना. तेव्हा मध्येच उपदेश नको बाप्पा, नुसतं ‘हं, मग?’ म्हणा. मार्कांचा विषय तर काढूच नका.

सोय म्हणून अ‍ॅक्टिवा मात्र हाती देऊ नका. 16 व्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा. अ‍ॅक्टिवाला 18 पूर्ण लागतात.

आणि तो बरेच दिवस गप्प, उदास दिसला, जेवण तुटलं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.